सोळा आणे पीक : एका मोजदादीचा इतिहास

दौंडाहून नगरकडे जाणारा लोहमार्ग भीमा ओलांडून पूर्वीच्या अहमदनगर आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात शिरला, की श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी हे गाव लागते. जनावरांच्या आठवडी बाजाराने त्याचे नाव पुणे, सोलापूर आणि बीड या जिल्ह्यांतील बैलपारख्यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले आहे. भीमा आणि घोड या दोन नद्या जवळून वाहत असल्या तरी सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सापडलेला हा मुलूख मूळचा जिराईत. पाटाचे पाणी येऊन उसाचे मळे उभे राहण्यापूर्वी येथील कुणब्याचे सारे वर्ष परतीच्या पावसावर आणि त्या ओलीवर पोसणाऱ्या रब्बी ज्वारीवर अवलंबून असे. अशा मुलखात ‘यंदा पीक किती आणे?’ हा प्रश्न कुशलवृत्ताच्या जागी विचारला जावा, यात नवल नाही. कारण त्याच्या उत्तरावर सरकारची सूट, सावकाराची तहकुबी आणि दावणीची जनावरे ठेवावयाची की काष्टीच्या बाजारात न्यावयाची, या तिन्ही गोष्टींचा निर्णय होत असे.

हा प्रश्न इंग्रजांनी आणला नाही आणि पेशव्यांनीही नाही. काष्टीपासून फार दूर नसलेल्या इनामगाव येथे, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी या संशोधकांनी १९६८ पासून पुढे बारा-पंधरा वर्षे उत्खनन केले. त्यात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वसाहतीचे अवशेष सापडले. जळून कोळसा झालेले सातूचे दाणे, पाण्याचा पाट, आणि वसाहतीच्या नायकाचे असावे अशा मोठ्या घराच्या शेजारीच धान्याचे कोठार. त्या शेजारावरून ढवळीकरांनी असे अनुमान केले, की गावाच्या पिकाचा काही अंश नायकाकडे जमा होत असावा. ते खरे मानले तर दुसऱ्याच्या शेतात किती पिकले आणि त्यातले किती घ्यावे, या हिशेबाची ह्या खोऱ्यातील परंपरा लोखंडाच्या नांगराहूनही जुनी ठरते. त्या हिशेबाला गणितशास्त्राची जोड मिळाली ती मात्र गेल्या शतकाच्या दुसऱ्या पादात, आणि ती देण्यात महाराष्ट्रातल्या काही माणसांचा वाटा फार मोठा होता. त्यांची हकीकत हा या लेखाचा विषय आहे.

तिची पूर्वपीठिका मात्र एका फसलेल्या गणिताची आहे. पेशवाई बुडाल्यावर पुणे प्रांताची जमाबंदी नव्याने बांधण्याचे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे आले. हेलीबरीच्या विद्यालयात त्याने माल्थसजवळ अर्थशास्त्राचे धडे घेतले होते, आणि खंडाच्या नव्या सिद्धांताने त्याचे मन भारलेले होते. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे एकूण उत्पन्न काढावे, त्यातून मशागतीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा शेकडा ५५ वाटा सरकारने घ्यावा, अशी त्याची योजना होती. कागदावर ती निर्दोष होती. परंतु उत्पन्नाचे आकडे ज्या कारकुनांनी आणि गुमास्त्यांनी शेतोशेत फिरून जमवावयाचे, त्यांच्या पाहणीवर विश्वास कोणी आणि कशाच्या बळावर ठेवावयाचा, याची तजवीज तिच्यात नव्हती. दर अवाच्या सवा बसले, शेते पडीक पडू लागली, आणि भीमेच्या अलीकडच्या इंदापूर भागात तर रयत परागंदा होण्याची वेळ आली.

इंदापुरातच १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी प्रिंगलचा सिद्धांत गुंडाळून ठेवला आणि निव्वळ उत्पन्नाचा शोध सोडून जमिनीच्या पोताकडे मोर्चा वळविला. मातीचा रंग, तिची खोली आणि तिच्यातील दोष पाहून त्यांनी जमिनीचे नऊ वर्ग पाडले. पहिल्या वर्गाची किंमत सोळा आणे, नवव्याची दोन आणे. तेहतीस फुटांची साखळी, तिचेही सोळा आणे, आणि त्या साखळीच्या चौरसाचा एक गुंठा, असे हे मोजमाप होते. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत मुंबई इलाख्यात रूढ झाली आणि तीस वर्षांची मुदत देऊन दर कायम झाले. जमीन कायमची मोजली गेली, ही या पद्धतीची पुण्याई. क्षेत्रफळाच्या बाबतीत दख्खनच्या खेड्यातले दफ्तर जगातल्या अनेक सुधारलेल्या देशांपेक्षा बिनचूक होते. परंतु जमीन सोळा आण्यांची असली म्हणून तीवरील पीक सोळा आण्यांचे येत नाही. ते पावसावर ठरते, आणि पाऊस कोणत्याही जमाबंदीला बांधलेला नसतो.

तीस वर्षांची मुदत संपून फेरआकारणी झाली, अमेरिकेतील यादवी संपल्यामुळे कापसाचे भाव कोसळले, आणि कर्जाखाली पिचलेला कुणबी १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे सावकारांच्या रोख्यांवर आणि खतांवर तुटून पडला. ते लोण भीमा ओलांडून श्रीगोंदे, पारनेर, नगर आणि कर्जत या तालुक्यांत पसरले. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला, आणि त्याच दुष्काळाच्या अखेरीस, १८७८ मध्ये, काष्टीवरून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. त्यानंतरच्या दुष्काळसंहितांनी पिकाचा अंदाज ही दरसालची सरकारी जबाबदारी ठरविली. तिचे सूत्र तीन पदांचे होते : पिकाखालचे क्षेत्र, त्या पिकाचे एकरी सामान्य उत्पादन, आणि चालू हंगामाची आणेवारी, म्हणजे पूर्ण पीक सोळा आणे धरल्यास आलेले पीक किती आणे. या तिन्हींचा गुणाकार म्हणजे जिल्ह्याचे पीक. पहिले पद दफ्तरात पक्के होते. दुसरे पद कधी काळी कोणीतरी ठरविलेले आणि नकलून घेतलेले होते. तिसरे पद सर्वस्वी नजरेचे होते. पाटील, तलाठी आणि सर्कल इन्स्पेक्टर बांधावर उभे राहून जे म्हणतील ते.

त्या नजरेला दोन्ही बाजूंनी ओढ असे. गावात राहणाऱ्या तलाठ्याला गावाचे कल्याण डोळ्यांसमोर दिसे, तर त्याच्या वरिष्ठाला वसुलीचा तक्ता दिसे. आणि दोघेही प्रामाणिक असले तरी एकाच शेताची आणेवारी एकाला सहा आणि दुसऱ्याला नऊ वाटण्यास काहीच प्रतिबंध नव्हता. हा मतभेद केवळ वादाचा राहत नाही, हे १९१८ साली खेडा जिल्ह्यात दिसले. पीक रुपयास चार आण्यांहून कमी असेल तर संपूर्ण सारा तहकूब व्हावा, असा तेथील नियम होता. रयत म्हणे पीक चारच्या आत, मामलेदार म्हणत चारच्या वर. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर, ना. म. जोशी आणि अमृतलाल ठक्कर हे चौकशीसाठी तेथे फिरले, गांधीजींनी सत्याग्रह आरंभिला, आणि एका आण्याच्या अंतरावर हजारो कुटुंबांच्या जप्त्या अडकून राहिल्या. दोन्ही पक्षांपाशी आकडे होते. परंतु आपला आकडा कितपत चुकू शकतो हे सांगण्याचे साधन एकापाशीही नव्हते. खेडा जिल्ह्यातला तंटा न्यायाने मिटला असे आपण म्हणतो ते राजकीय अर्थाने. शास्त्रीय अर्थाने तो त्या काळी मिटणे शक्यच नव्हते.

ते साधन पुढच्याच दशकात आकारास येऊ लागले, आणि विशेष असे की त्याचा एक मूळ झरा हिंदुस्थानातच होता. बिहार-ओरिसा प्रांतातील सनदी अधिकारी जॉन हबक यांनी १९२० नंतरच्या वर्षांत भाताच्या शेतांत ठरावीक मापाची त्रिकोणी चौकट टाकून तेवढ्याच पिकाची कापणी व वजन करण्याचा उपक्रम केला. चौकट कोठे टाकावयाची हे माणसाच्या पसंतीवर न सोडता दैवावर सोडले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांचा अहवाल १९२७ साली प्रसिद्ध झाला आणि इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड कृषिसंशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांच्या नजरेस आला. फिशर त्या वेळी शेतातील प्रयोगांना गणिताची शिस्त लावण्याच्या कार्यात गढलेले होते. यादृच्छिकता हा आळस नसून ती एक शिस्त आहे, किंबहुना तीच शास्त्रीय अनुमानाचा पाया आहे, हे त्यांचे म्हणणे. जो नमुना आपण निवडला तो आपल्या मनातील ग्रह घेऊन येतो. जो नमुना केवळ संभवाने निवडला त्याच्या चुकीलाच संभाव्यतेच्या नियमांनी मोजता येते.

रॉथॅमस्टेडच्या या शाळेत १९३० च्या सुमारास आर. जे. कळमकर हे मराठी संशोधक दाखल झाले. गव्हाच्या शेतातून नमुना कसा घ्यावा आणि बटाट्याच्या प्रयोगात वाफ्याचा आकार केवढा असावा, यांवरील त्यांचे निबंध १९३२ साली केंब्रिजच्या कृषिविज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच काळात इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत विनायक गोविंद पानसे हे हचिन्सन या कापूसतज्ज्ञाबरोबर कापसाच्या पैदाशीचे प्रयोग करीत होते. कापसाच्या झाडाचे बोंड, धागा, उंची हे गुण एकेका जनुकाचे नसून अनेकांच्या संमिश्र परिणामाचे असतात, आणि म्हणून चांगले झाड डोळ्यांनी निवडणे जितके सोपे वाटते तितके ते नसते. त्या झाडाचा किती गुण रक्ताचा आणि किती मातीचा, हे संख्याशास्त्राने वेगळे करावे लागते. प्रश्न जीवशास्त्राचा, रीत गणिताची, आणि उपयोग शेतकऱ्याच्या बियाण्याचा, असा हा त्रिवेणी व्यवहार होता.

याच परंपरेतील सर्वांत मोठे नाव पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातील बुध या गावी २७ जुलै १९११ रोजी त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९३२ साली गणित घेऊन ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. त्या एका इमारतीत त्या वेळी फिशर आणि ईगन पिअर्सन हे संख्याशास्त्राचे दोन परस्परविरोधी आचार्य नांदत होते, आणि पोलंडहून आलेले येर्झी नेमन यांनी १९३४ मध्ये नमुना-पाहणीचा अर्वाचीन सिद्धांत लंडनमध्येच मांडला. सुखात्म्यांनी दोन्ही घरांचे पाणी चाखले. १९३६ साली त्यांना पीएच. डी. आणि १९३९ साली डी. एस्‌सी. मिळाली. स्वदेशी परत आल्यावर कलकत्त्याच्या आरोग्यविज्ञान संस्थेत काही काळ अध्यापन करून १९४० मध्ये ते दिल्लीच्या इंपीरियल कृषिसंशोधन परिषदेत संख्याशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. युद्ध पेटले होते, ब्रह्मदेशचा तांदूळ लवकरच बंद होणार होता, आणि देशात धान्य किती पिकते हे सरकारला खरोखर ठाऊक नव्हते.

सुखात्मे आणि पानसे यांनी जो मार्ग काढला त्याचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी नवी फौज उभारली नाही. जुन्या दफ्तरालाच नवे शास्त्र शिकविले. वऱ्हाडातील अकोला जिल्ह्यात १९४२-४३ च्या सुमारास पानसे आणि कळमकर यांनी कापसाच्या पिकाची जी पाहणी केली ती या पद्धतीची आद्य रुजवात होय. जिल्ह्याचे तालुकावार स्तर पाडावयाचे. प्रत्येक तालुक्यातील गावांची यादी घेऊन तीतून यादृच्छिक अंकांच्या कोष्टकाने काही गावे उचलावयाची. त्या गावातील पिकाच्या सर्व्हे नंबरांतून त्याच रीतीने एक किंवा दोन शेते निवडावयाची. आणि शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभे राहून कोष्टकातले दोन अंक घ्यावयाचे, एकाइतकी पावले लांबीच्या अंगाने आणि दुसऱ्याइतकी रुंदीच्या अंगाने चालावयाचे. जेथे पाऊल थांबेल तेथे खुंटी. तेथे कणीस भरदार आहे की पीक जळालेले आहे, हे पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही. गव्हाच्या पाहणीत या खुंटीपासून तेहतीस फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद असा तुकडा आखीत. म्हणजे गोल्डस्मिड-विंगेटच्या साखळीने बरोबर अर्धा गुंठा. त्यातले पीक कापून, मळून, उपणून वजन करावयाचे, थोडे धान्य वाळवून ओलीची घट काढावयाची, आणि आकडा पत्रकात भरावयाचा. नजरेने सांगितलेले नऊ आणे आणि तराजूने सांगितलेले शेर-छटाक यांच्यातला हा फरक होता.

परंतु तराजूपेक्षाही महत्त्वाची गोष्ट पत्रकाच्या शेवटच्या स्तंभात होती. निरनिराळ्या तुकड्यांच्या वजनांत जी तफावत पडते तीवरूनच जिल्ह्याच्या सरासरीची प्रमाणत्रुटी काढता येते; म्हणजे अंदाज स्वतःच्या चुकीचे माप स्वतःच देतो. त्या मापाचा नियम कठोर आहे : चूक निम्मी करावयाची तर तुकडे चौपट घ्यावे लागतात. मग तुकडे कोठे वाढवावयाचे? पाहण्यांतून असे दिसले, की एका शेताच्या पोटातील फरकापेक्षा गावागावांतील फरक फार मोठा असतो. म्हणून एका गावात पाच तुकडे कापण्यापेक्षा पाच गावांत एकेक कापणे अधिक फलदायी. प्रिंगलला शंभर वर्षांपूर्वी जे हवे होते ते हे. त्याची बुद्धी तोकडी नव्हती. आपल्या कारकुनांच्या चुकीचे गणित मांडण्याची विद्या तेव्हा जन्मालाच आली नव्हती.

याच सुमारास या क्षेत्रात एक विख्यात वाद झाला. कलकत्त्यास १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापणारे प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी बंगालच्या तागाची आणि भाताची प्रचंड पाहणी केली होती. त्यांचा कल लहान तुकड्यांकडे होता. काही फूट त्रिज्येची वर्तुळे, पुष्कळ ठिकाणी, आणि ती कापण्यासाठी संस्थेने शिकवून तयार केलेली फिरती पथके. सुखात्म्यांचा पक्ष मोठ्या तुकड्यांचा, आणि काम महसूल व शेतकी खात्याच्या नोकरांकडूनच करून घेण्याचा. सुखात्म्यांनी संयुक्त प्रांतातील मुरादाबाद येथे गव्हाच्या शेतांत निरनिराळ्या मापांचे त्रिकोण आणि वर्तुळे कापून पाहिली. तुकडा जितका लहान तितके एकरी उत्पन्न फुगते, असे त्यांना आढळले, आणि तो निष्कर्ष त्यांनी १९४६ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. कारण साधे होते. तुकड्याच्या कडेवर जे रोप उभे असते ते आत धरावयाचे की बाहेर, याचा निवाडा कापणाऱ्याच्या हाती असतो, आणि त्याचा हात स्वभावतः आत ओढतो. तुकडा लहान असला की क्षेत्राच्या मानाने कड मोठी, म्हणून चूकही मोठी. महालनोबीसांचे उत्तर असे, की शिकलेल्या पथकाचा हात असा ओढत नाही. दोघांचेही म्हणणे आपापल्या परिस्थितीत खरे होते. परंतु ज्या देशात कापणी तलाठ्यानेच करावयाची आहे तेथे तलाठ्याच्या हाताला साजेल असा तुकडा असला पाहिजे, हा सुखात्म्यांचा विचार अधिक व्यवहार्य ठरला, आणि देशाच्या पीककापणी प्रयोगांनी तोच मार्ग धरला. पानसे आणि सुखात्मे यांनी मिळून शेतकी कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्राचा ग्रंथ १९५४ साली निघाला. देशातील शेतकी महाविद्यालयांच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या.

या सगळ्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी कोण करीत असे, हाही इतिहासाचा भाग आहे. मूठ फिरवून चालणारी गणकयंत्रे टेबलावर ओळीने मांडून कारकुनांचे ताफे महिनोन्‌महिने वर्ग आणि गुणाकार करीत. सुखात्मे १९५१ साली रोमच्या अन्न व शेती संघटनेत गेल्यावर दिल्लीच्या विभागाची सूत्रे पानशांकडे आली. १९५९ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली, आणि १९६४ साली तेथे आय.बी.एम. १६२० हे विद्युत्गणक बसविण्यात आले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली स्वतः रचलेला ‘टिफ्रॅक’ त्यापूर्वीच, १९६० साली, चालू झालेला होता.

त्याच टाटा संस्थेत १९४५ पासून गणिताच्या अध्यापकपदावर असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे या कथेतील दुसरे मराठी गणिती. गोव्यातील कोसबे येथे १९०७ साली जन्मलेला, हार्वर्डला शिकलेला आणि पुण्याहून रोज आगगाडीने मुंबईस जाणारा हा पंडित. विद्युत्गणकांचा अभ्यास करण्यासाठी १९४८-४९ मध्ये युनेस्कोची पाठ्यवृत्ती घेऊन ते इंग्लंड-अमेरिकेस जाऊन आले. पण त्यापूर्वीच, फर्ग्युसन कॉलेजात असताना, त्यांच्या हातून दोन लहान निबंध लिहून झाले होते, आणि दोन्हींचा संबंध आपल्या विषयाशी येतो. पहिला १९४३ सालचा. बदलत्या वक्राचे त्याच्या मूळ घटकांत पृथक्करण कसे करावे याचा. पुढे फिनलंडच्या कार्हुनेन आणि फ्रान्सच्या लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे तोच सिद्धांत मांडला. आज उपग्रहाने टिपलेल्या शेतांच्या चित्रांतून पिकाची खूण वेगळी काढताना जे गणित वापरतात, ते याच कुळातले.

दुसरा निबंध १९४४ सालचा, लंडनच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मधला, उण्यापुऱ्या चार पृष्ठांचा. एका गुणसूत्रावर दोन जनुके किती अंतरावर आहेत हे थेट दिसत नाही. संततीत ते दोन गुण किती वेळा वेगळे झाले हे मोजून ते अंतर अनुमानावे लागते. पण दोन ठिकाणी तुटून पुन्हा जुळलेले गुणसूत्र न तुटल्यासारखेच दिसते, म्हणून मोजलेला आकडा खऱ्या अंतरापेक्षा कमी भरतो. आनुवंशिकीतज्ज्ञ हॉल्डेन यांनी १९१९ साली यावर दिलेले सूत्र असे गृहीत धरी, की एका ठिकाणी गुणसूत्र तुटल्याचा शेजारच्या तुटण्यावर काहीच परिणाम होत नाही. वस्तुतः एक तोड शेजारच्या तोडीला अटकाव करते; तो अटकाव जवळ जास्त आणि दूर कमी. कोसंबींनी हा अटकाव हिशेबात घेऊन एक सुटसुटीत सूत्र दिले, आणि पिकांचे जनुकनकाशे काढणाऱ्या संगणक-आज्ञावलींत ते आजही ‘कोसंबी’ या नावानेच निवडता येते. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेली एम ३५-१ ही ज्वारी काष्टीसारख्या रब्बी मुलखाची अन्नदात्री. तिच्या दुष्काळसहिष्णुतेचा जनुकीय शोध घेणारे संशोधकही गुणसूत्रावरील अंतरे याच प्रकारच्या सूत्रांनी मोजतात. जे दिसत नाही त्याचे माप मोजक्या दिसणाऱ्या गोष्टींवरून काढावयाचे आणि दिसण्यातली फसगत हिशेबात धरावयाची, हे पानसे-सुखात्म्यांचे तत्त्वच येथे शेतातून गुणसूत्रात उतरलेले आहे.

सुखात्म्यांनी तेच तत्त्व माणसाच्या ताटापर्यंत नेले. दोन-तृतीयांश जग उपाशी आहे, हे तेव्हाचे प्रसिद्ध विधान त्यांनी १९६१ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे तपासले आणि अन्नाची प्रत्यक्ष तूट शेकडा दहा ते पंधरा लोकांना भासते, तर पोषणातील उणीव धरून हा आकडा फार तर निम्म्यापर्यंत जातो, असा हिशेब मांडला. निवृत्त होऊन पुण्यास परतल्यावर अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्याशी त्यांचा वाद झडला. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दरमाणशी २२५० कॅलरींच्या आधारे दारिद्र्याची रेषा आखली होती. सुखात्म्यांचा आक्षेप असा, की सरासरी गरज ही प्रत्येकाची गरज नव्हे. माणसामाणसांत आणि एकाच माणसात दिवसादिवसांत ती बदलते, म्हणून सरासरीच्या खाली असलेला प्रत्येकजण उपाशी ठरत नाही. या युक्तिवादाने भूक लहान करून दाखविली जाते, असे विरोधकांचे म्हणणे होते, आणि ते अगदीच निराधार नव्हते. कमी अन्नाशी शरीर जुळवून घेते या सुखात्म्यांच्या शरीरानुकूलनाच्या सिद्धांताला आहारशास्त्रज्ञांची सर्वसंमती कधीच मिळाली नाही. पण सरासरीभोवतीची तफावत झाकून ठेवू नये, ही त्यांची मूळ मागणी कायम राहिली.

या वादाला दैवाने एक वेगळेच वळण दिले. त्याच दांडेकरांनी १९७६ साली पीकविम्याची अशी योजना मांडली, की एकेका शेतकऱ्याचे नुकसान पाहत बसू नये. एका समान मुलखाचे सरासरी उत्पन्न पीककापणी प्रयोगांनी काढावे, आणि ते ठरीव पातळीच्या खाली गेले तर त्या मुलखातील सर्व विमाधारकांना सारखी भरपाई द्यावी. प्रायोगिक योजना १९७९ साली, सर्वंकष योजना १९८५ साली आणि आजची प्रधानमंत्री पीकविमा योजना २०१६ साली आली; तिन्हींचा पाया दांडेकरांच्या कल्पनेचा आणि माप सुखात्म्यांच्या रीतीचे. म्हणजे जिल्ह्याचे धान्य मोजण्यासाठी १९४० च्या दशकात शोधलेली विद्या आज एका महसूल मंडळातील शेतकऱ्याच्या हाती पैसा पडावा की नाही, हे ठरविते.

आणि येथेच सावध होण्याची गरज आहे. मंडळ हा घटक धरला तर एका पिकासाठी किमान दहा प्रयोग घ्यावयाचे असतात. दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद अशा तुकड्याचा हिशेब केला तर दहा प्रयोगांची मिळून जमीन भरते जेमतेम पाच गुंठे. त्या पाच गुंठ्यांवर मंडळातील सगळ्या गावांचा निकाल. जिल्ह्यासाठी शेकडो तुकडे घेऊन जी त्रुटी सुसह्य होती तीच दहा तुकड्यांत कितीतरी पटींनी वाढते, हा सुखात्म्यांच्याच गणिताचा निष्कर्ष आहे. शिवाय आता प्रत्येक तुकड्याच्या कडेला एका बाजूने भरपाई मागणारा आणि दुसऱ्या बाजूने ती देणारा उभा असल्यामुळे कडेवरच्या रोपाचा निवाडा पूर्वीपेक्षा अधिक अवघड झाला आहे. दुसरीकडे नजर, सुधारित आणि अंतिम अशी पैसेवारी अद्याप निघतेच, आणि पन्नास पैशांच्या आत की बाहेर यावर गावाच्या सवलती ठरतात. आण्याचे पैसे झाले. पण एका रेषेच्या दोन बाजूंना उभे राहण्याचा खेडा सत्याग्रहातला तंटा चालूच आहे.

म्हणून या इतिहासातून घ्यावयाचा बोध माझ्या मते एकच आहे. ह्या मंडळींनी पिकाचा अंदाज बिनचूक केला असा त्यांचा स्वतःचाही दावा नव्हता; अंदाज करणाऱ्याने आपली चूक किती असू शकते हे अंदाजाबरोबरच सांगितले पाहिजे, ही जबाबदारी त्यांनी राज्यकर्त्याच्या गळ्यात बांधली. ती जबाबदारी आज कागदावर उरली आहे. मंडळाचे सरासरी उत्पन्न शेतकऱ्याला कळते, त्याची प्रमाणत्रुटी कळत नाही. ती प्रत्येक मंडळाच्या आकड्याशेजारी छापली जावी, आणि ज्या गावात कापणी ठरली असेल तेथील शेतकऱ्यांनी त्या दिवशी शेतावर हजर राहून खुंटी कशी रोवली, दोरी कशी ताणली आणि कडेवरचे रोप कोणत्या बाजूला गेले, हे स्वतः पाहावे. काष्टीच्या बाजारात बैलाचे दात मोजल्याशिवाय पैसा न देणाऱ्या माणसांना ही पारख नव्याने शिकवावी लागणार नाही.